तक्रार नाही

अर्थसंकल्पाच्या दिवशी 'भडंग' ग्रुपवर हेमंत बेलसरेचा एकच संदेश आला. "वाचलं. ठीक वाटतं."

शैलजा मोहिते कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसली होती. तिने तो संदेश पुन्हा वाचला, फोन उलटा ठेवला, आणि भाजीचा घास हातात तसाच राहिला.

ग्रुपात माणसं तीनच. तिघंही सांगलीत एका गल्लीत वाढलेली. शैलजा लग्नाच्या भानगडीत न पडता नाशिकला भौतिकशास्त्र शिकवत राहिली. रुखसाना तांबोळी औषधनिर्माण शिकून पुण्याला गेली आणि आता औषध-दक्षता कक्षात होती. देशभरातून औषधांच्या दुष्परिणामांच्या ज्या तक्रारी येत, त्या वाचून त्यांतून काही धोका डोकं वर काढतोय का ते बघणं हे तिचं काम. हेमंत सांगलीतच राहिला, करसल्लागार झाला. पन्नाशी ओलांडली तरी तिघांचं रोज काहीतरी बोलणं व्हायचंच. गुडघे, गोळ्या, कुठल्या गोळीने पित्त होतं आणि कुठलीने झोप उडते, आणि फिरून फिरून हेमंतचा आवडता विषय, म्हणजे कर.

अर्थसंकल्पाच्या दिवशी तर त्याला आवरणं अवघड असायचं. भाषण सुरू असतानाच त्याचे आवाजी संदेश येऊ लागायचे. तो तावातावाने बोलायचा, मध्येच खोकायचा, मागून त्याची बायको सुलभा "अहो, पाणी प्या" म्हणायची तेही ऐकू यायचं. एका वर्षी कुठलीशी वजावट काढून टाकली म्हणून तो दोन दिवस धड जेवला नव्हता.

आणि यंदा तर विषय आयता हातात आला होता. सरकारने 'आरोग्य अधिभार' आणला होता. पन्नाशी उलटलेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या माणसाने 'स्थिरा' ही औषधाची कुपी दंडात बसवून घेतली नाही, तर नव्या आर्थिक वर्षापासून त्याच्या प्राप्तिकरावर जादा आकारणी होणार. बसवून घेतली, तर उलट सूट. सरकारचं म्हणणं असं की, स्थिरा फुकट मिळते, तिने हृदयविकाराचे मृत्यू निम्म्यावर आणलेत. तरीही जो नाकारतो त्याच्या इस्पितळाचा भार इतरांनी का उचलायचा?

माणसाच्या शरीरात काय घालायचं ते कर खातं ठरवणार, यावर एरवीच्या हेमंतने रान उठवलं असतं.

शैलजाने लिहिलं, "हेमंत, बरा आहेस ना?"

"एकदम. का गं?"

"अधिभाराबद्दल काही बोलला नाहीस."

"बोलायचं काय त्यात. आपल्याला सूट मिळतेय की."

हेमंतला गणपतीच्या सुमारास हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि दिवाळीआधी त्याच्या दंडात स्थिरा बसवली होती.

रुखसानाने मध्ये तोंड घातलं. "शैला, कशाला डिवचतेस त्याला? पहिल्यांदाच बजेटच्या दिवशी माझा फोन तापला नाही."

शैलजाने हसरा चेहरा पाठवला. पण दुपारच्या तासाला फळ्यावर समीकरण लिहिताना तिचं एक चिन्ह चुकलं, आणि मुलांनी सांगेपर्यंत तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

काळजी करणं तिला नवीन नव्हतं. घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केलाय का ते बघायला ती जिन्यातून परत वर यायची. तिचे वडील हृदयविकारानेच गेले होते. तिचं स्वतःचं हृदय अधूनमधून एखादा ठोका चुकवायचं, म्हणून तिलाही स्थिराची तारीख आली होती, मार्चअखेरची. खरं सांगायचं तर तिला ती हवीशी वाटत होती. कर वाचेल म्हणून नव्हे. हेमंतसारखं एकदा 'ठीक वाटतं' असं म्हणता येईल, म्हणून.

त्यामुळे पुढचे काही दिवस ती त्याला खोदून खोदून विचारत राहिली. स्थिराने नेमकं काय होतं?

"तोंड कोरडं पडतं," त्याने लिहिलं. "हात गार पडतात. चहा कमी गोड लागतो. बाकी तक्रार नाही."

"झोप?"

"उत्तम."

"राग वगैरे?"

"कशाचा?"

तो विनोद करत नव्हता, खरंच विचारत होता. तिने लगेच रुखसानाला फोन लावला.

"मला हे औषध नीट समजावून सांग," ती म्हणाली. "जाहिरातीतलं नको, तुला माहीत आहे ते."

रुखसाना हसली. "बरं, बाईसाहेब. बघ, झटका येऊन गेलेला माणूस पुढे दगावतो ते दरवेळी गुठळीनेच असं नाही. छातीत काहीतरी होतं, मेंदू घाबरतो. घाबरला की तो हृदयाला पळवतो. हृदय पळतंय हे मज्जातंतूंवाटे परत मेंदूला कळतं, तो आणखी घाबरतो. हे चक्र वाढत जातं आणि कमजोर हृदयाला ती धाव झेपत नाही."

"माइक स्पीकरसमोर धरला की शिटी वाजायला लागते, तसं."

"अगदी तसं. स्थिरा त्या दोघांमधल्या मज्जातंतूंची वाहतूक मंद करते. तांदळाच्या दाण्याएवढी कुपी. दंडाच्या कातडीखाली बसवतात, ती वर्षभर औषध झिरपवत राहते. शिटी वाजतच नाही."

"वाहतूक दोन्ही बाजूंची मंद होते?"

"हो, दोन्ही बाजूंची. एकाच जातीचे तंतू आहेत ते."

शैलजा म्हणाली, "मग छाती धडधडतेय हे मेंदूला कळतच नसेल, तर माणसाला भीती वाटते कशी? आपल्याला आधी छातीतच कळतं ना गं? पोटात खड्डा पडतो, हातपाय गार पडतात, मग आपण म्हणतो, भीती वाटली. राग तसाच. नुसतं डोक्याने कुणी घाबरत नाही."

"चाचण्यांमध्ये तसं काही आढळलं नाही."

"चाचण्यांत विचारलं कुणाला?"

"ज्यांना बसवली त्यांनाच. काही त्रास होतोय का म्हणून."

"आणि ते म्हणाले, तक्रार नाही."

पलीकडून रुखसाना सावकाश म्हणाली, "माझ्याकडे तक्रारींचे ढीग येतात, शैला. त्यांत स्थिराचा ढीग सगळ्यात लहान आहे. आम्ही ती चांगली खूण समजत होतो." लगेच तिने आवाज बदलला. "पण तू फार ताणतेस. माणूस शांत झाला, हा काय दुष्परिणाम आहे? मी तो कुठल्या रकान्यात लिहू?"

मार्चचा पहिला रविवार होता. संध्याकाळी शैलजा गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालून आत आली तेव्हा ग्रुपवर गप्पा चालू होत्या. रुखसानाच्या मोठ्या भावाने स्थिरा घ्यायला नकार दिला होता आणि अधिभार टाळायला काही वाट आहे का, ते ती हेमंतला विचारत होती.

"पगारातूनच कापतील," हेमंतने लिहिलं होतं. "अपील करता येतं. पण वैद्यकीय कारण दाखवावं लागेल. नुसतं मला नको म्हणून चालत नाही."

"मनाची तयारी नाही, हे कारण चालेल का?"

"त्याला रकाना नाही."

मग, "जरा थांबा. सुलभाने पातेलं पाडलं."

शैलजा सोफ्यावर बसली. रुखसानाने तेवढ्यात भावाच्या हट्टीपणाचा एक किस्सा लिहिला. मग हेमंत परत आला.

"आलो. तर अपील मुंबईला करावं लागतं. सांगलीत नाही."

"सुलभा ठीक आहे ना?" शैलजाने विचारलं.

"हो. दुपारपासून तिचं बोलणं जड येतंय. उजव्या हातात काही धरवत नाही. तरी स्वयंपाकाला उठली होती. आता झोपवलंय तिला." आणि लागलीच पुढचा संदेश, "अपिलाची फी मात्र परत मिळत नाही, हे भावाला सांग."

शैलजाने लगेच त्याला फोन लावला.

"हेमंत, सुलभाचं तोंड वाकडं झालंय का?"

"जरासं. एका बाजूला."

"अरे, हा पक्षाघात आहे."

"हो, मलाही तसंच वाटलं."

शैलजाला क्षणभर वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तसं वाटलं, मग तू काय केलंस?"

"उद्या सकाळी डॉक्टरांकडे नेणार आहे की. आज रविवार आहे."

"आत्ता, या क्षणी रुग्णवाहिका बोलाव. सकाळपर्यंत थांबायचं नसतं यात. तुझ्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा तूच धावला होतास ना?"

"होय की," तो म्हणाला. आठवून बघत असल्यासारखा. "बरं. तू म्हणतेस तर बोलावतो."

येताना कोथिंबीर आण म्हटल्यावर बोलावं तसा त्याचा आवाज होता. शैलजाने फोन ठेवलाच नाही. तो दुसऱ्या फोनवरून नीट पत्ता सांगतोय, मजला सांगतोय, फाटकाशी कुत्रं असतं तेही सांगतोय, हे ती ऐकत राहिली. रुखसानाने तोवर मिरजेच्या इस्पितळातल्या ओळखीच्या डॉक्टरला गाठलं होतं. रुग्णवाहिकेचा भोंगा फोनमधून ऐकू आला तेव्हा शैलजा उभीच होती, आणि आपण केव्हापासून उभे आहोत ते तिला सांगता आलं नसतं.

सुलभा वाचली. उजवा हात आणि पाय लुळे पडले. बोलणं जवळजवळ गेलं. समजायचं सगळं, पण मोजके शब्द सोडले तर तोंडातून काही फुटत नव्हतं. दुपारीच आणलं असतं तर बरंचसं टळलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हेमंतने मान डोलावली.

शैलजा दुसऱ्या दिवशी मिरजेला पोहोचली. हेमंत बायकोच्या खाटेशी बसून तिला चमच्याने पेज भरवत होता. कुठे सांडणं नाही, घाई नाही. हनुवटीला रुमाल लावलेला. औषधांच्या वेळा त्याला तोंडपाठ होत्या. नर्स म्हणाली, असा नवरा आम्ही पाहिला नाही. सुलभाचे डोळे मात्र सारखे त्याच्या चेहऱ्यावर फिरत होते, काहीतरी हरवलेलं शोधावं तसे.

बंगळुरूहून त्यांची मुलगी केतकी आली होती. ती आईपाशी बसली आणि शैलजा हेमंतला घेऊन बाहेरच्या बाकावर आली.

"दुपारी तिच्या हातातून कप पडला तेव्हाच मला कळलं होतं," त्याने आपणहून सांगितलं. "मी तिला विचारलंसुद्धा, हात वर कर बघू. तिला करता आला नाही."

"आणि तू नुसता बसून राहिलास?"

"बसलो नाही. कपाचे तुकडे भरले, फरशी पुसली. कळलं, पण उठवलं नाही मला त्या कळण्याने. कुठेतरी पूर आला अशी बातमी आपण वाचतो ना, तसं कळलं."

"आणि आता?"

"आता मी काय केलं ते मला दिसतंय, शैला. स्पष्ट दिसतंय. लागत नाही." त्याने छातीवर हात ठेवून पाहिला, मग काढून घेतला. "लागायला पाहिजे, एवढं कळतं."

शैलजाला त्याच्याजवळ बसवेना. ती उठून पाणी प्यायला गेली आणि नळाशी बराच वेळ तशीच उभी राहिली. तिला त्याचा संताप आला होता, आणि ज्याच्यावर संतापायचं तो माणूस त्या बाकावर नव्हताच.

सुलभाला घरी आणल्यावर रुखसाना पुण्याहून आली. सांगलीच्या विश्रामबागेतल्या हेमंतच्या घरी, दुपारच्या चहाला सगळे बैठकीत होते. सुलभा खिडकीशी चाकाच्या खुर्चीत, केतकी तिच्या पायाशी.

"मी शैलाचं तेव्हाच ऐकायला हवं होतं," रुखसाना म्हणाली. "घोळ कुठे आहे ते आता मला दिसतंय. आमची सगळी यंत्रणा रुग्णाच्या तक्रारीवर चालते. पण तक्रार करायला आधी काहीतरी टोचावं लागतं. हे औषध तो काटाच बोथट करतं. मग तक्रार येणार कुठून? लाखो लोकांच्या दंडात आहे ते, आणि अधिभार लागला की उरलेलेही रांगेत उभे राहतील."

"मग तू लिही," शैलजा म्हणाली.

"मी लिहून चालत नाही. नातेवाईक, मित्र यांचं म्हणणं 'इतर' मध्ये जातं आणि 'इतर' कुणी वाचत नाही. रुग्णाला स्वतः लिहावं लागतं. आणि कुपी काढून फरक पडतो का ते पाहावं लागतं. काढल्यावर लक्षण गेलं, तरच ते औषधाचं म्हणून धरतात."

"काढायची म्हणजे?" केतकीने मान वर केली. "हृदयाचे डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंय तुम्ही? बाबांचं हृदय अजून कमजोर आहे. कुपी काढली की महिन्याभरात तिचा असर उतरेल, आणि मग हे सगळं, आईचं हे सगळं त्यांच्या अंगावर एकदम येईल. नेमकी हीच वेळ धोक्याची, असं म्हणाले ते. शैलामावशी, आई तर अशी झालीच. आता बाबांनाही घालवायचंय का?"

शैलजाच्या मनात रात्रंदिवस हेच चाललं होतं. तिने हेमंतकडे पाहिलं. तो बशीत चहा निववत होता, सुलभासाठी.

"हेमंत, तुझं काय म्हणणं आहे?"

"तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "मला दोन्ही चालेल."

हे ऐकून ती आतून हादरली. तो खरोखरच दोन्हीला तयार होता. तिने 'काढ' म्हटलं असतं तर तो चपला घालून निघाला असता, आणि उद्या त्याला काही झालं असतं तर ते तिच्या एका शब्दाने झालं असतं. तिच्या छातीत तो ओळखीचा ठोका चुकला. तोंडाशी आलेला शब्द तिने गिळला.

तेवढ्यात सुलभाने डावा हात खुर्चीवर आपटला. सगळे वळले. तिचे ओठ बराच वेळ झगडत राहिले.

"रा... राहू दे," ती म्हणाली. मग हेमंतकडे बोट करून, "मर... मरतील."

केतकीने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. रुखसाना खिडकीबाहेर बघू लागली. तिघींनाही वाटलं, विषय संपला.

हेमंतने बशी खाली ठेवली. तो उठून सुलभाच्या समोर, जमिनीवर बसला. एखादं प्रकरण अशिलाला समजावून सांगावं तसा सावकाश बोलू लागला.

"सुलभा, मला आत्ता काही वाटत नाही, त्यामुळे मला काय हवंय ते मला विचारून उपयोग नाही. पण दिवाळीआधीचा जो मी होतो, तो मला चांगला माहीत आहे. तीस वर्षं तुझ्याबरोबर राहिलेला. तुझ्या हातातून कप पडला आणि मी फरशी पुसत बसलो, हे त्याला सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता? एक क्षण हे औषध अंगात ठेवलं नसतं त्याने. आणि दुसऱ्या कुणाच्या घरात हे होऊ नये म्हणून आकाशपाताळ एक केलं असतं. मी त्याचं ऐकायचं ठरवतो. मला ते पटतंय म्हणून नव्हे. तो माझ्यापेक्षा जास्त शहाणा होता म्हणून."

"बाबा, तुम्हाला भीती नाही वाटत?" केतकीने विचारलं.

"नाही ना, बेटा. तोच तर प्रश्न आहे."

सुलभा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने डावा हात पुढे केला आणि त्याच्या दंडावर, सदऱ्याच्या बाहीवरून, कुपीच्या जागी ठेवला. ती हो म्हणाली नाही. नकोही म्हणाली नाही.

तक्रार त्याने त्याच दिवशी लिहिली. त्याची अर्ज लिहायची सवय कामी आली. काय घडलं, आपल्याला काय कळत होतं, काय वाटायला हवं होतं आणि वाटलं नाही, हे त्याने इतक्या कोरड्या भाषेत मांडलं होतं की वाचताना रुखसानाला मध्येच चष्मा काढून ठेवावा लागला. सोमवारी दवाखान्यात छोटासा छेद घेऊन कुपी काढली. तो रिक्षाने घरी आला आणि सुलभाला व्यायाम करवायला बसला.

शैलजा परीक्षांसाठी नाशिकला परतली. रुखसानाने ती तक्रार वरिष्ठांच्या बैठकीत वाचून दाखवली आणि एकच मागणी केली : स्थिरा बसवलेल्यांच्या घरच्यांना एक प्रश्न विचारा, तुमच्या माणसात काय बदल जाणवला? बरीच घासाघीस होऊन प्रश्न पाठवला गेला. मग उत्तरं येऊ लागली. 'ते आता चिडत नाहीत, आम्ही खूश होतो.' 'बहीण गेल्यावर आई स्मशानातून आली आणि आंबे चिरायला बसली.' 'भावाने अपघाताआधी समोरचा ट्रक पाहिला होता, तरी ब्रेक दाबला नाही, असं तो स्वतःच सांगतो.' बरेच जण असंही लिहीत होते की, काही का असेना, आमचा माणूस जिवंत आहे, औषध बंद करू नका.

अधिभार रद्द झाला नाही. एक वर्ष पुढे ढकलला, आणि स्थिरा घेणाऱ्याच्या घरातल्या एका माणसाची दर महिन्याला साक्ष घ्यायची असं ठरलं. ग्रुपवर रुखसानाने ही बातमी टाकली. हेमंतने "वाचलं" एवढंच लिहिलं. असर अजून उतरला नव्हता. शैलजाने आपली तारीख पुढे ढकलायला केंद्रात फोन केला. पलीकडच्या मुलीने कारण विचारलं.

"भीती वाटते," शैलजा म्हणाली.

"तसं कारण इथे येत नाही, मॅडम. 'इतर' मध्ये टाकू?"

"टाका."

पण त्या दिवसांत तिला खरी भीती दुसरीच होती. फोन वाजला की आधी सांगलीचा आहे का ते ती बघायची. वर्गात असली तर फोन टेबलावर उताणा ठेवायची. केतकी रोज दोन ओळी लिहायची. बाबा ठीक, आईला आज चार पावलं चालवलं. बाबा ठीक. बाबांनी आज चहात साखर कमी घालायला सांगितली. ही शेवटची ओळ वाचून शैलजाने रुखसानाला फोन लावला. "त्याला चहा पुन्हा गोड लागायला लागलाय," ती म्हणाली.

एप्रिलमधल्या एका सकाळी ती पेपर तपासत बसली असताना सांगलीचा फोन आला. केतकी होती. तिचा श्वास लागला होता.

"मावशी, बाबा आईची वेणी घालत होते. रोज घालतात तशीच. आईने फणी द्यायला उजवा हात उचलू पाहिला आणि तो तसाच खाली पडला, आणि बाबा..." मागून एक आवाज येत होता. आधी शैलजाला वाटलं, कुणी जड कपाट ओढतंय. मग तिला कळलं, हेमंत रडतोय. तिने त्याला कधी रडताना ऐकलं नव्हतं. गळ्यातून येणारं ते रडणं नव्हतं. कुठूनतरी खालून, तुकड्यातुकड्याने येत होतं.

"छातीत दुखतंय का त्याच्या? नाडी बघितलीस?"

"फार जोरात आहे. जिभेखालची गोळी दिलीय. डॉक्टर निघालेत, पोहोचतीलच. मावशी, ते आईचे पाय सोडत नाहीयेत. मी काय करू?"

शैलजा सुचेल ते सांगत सुटली. खिडक्या उघड, त्याला टेकून बसव, एकटं सोडू नकोस. सांगतानाच तिला कळत होतं की यातलं काहीही पुरेसं नाही.

मग फोनवर खरखर झाली. केतकी म्हणाली, "आईला बोलायचंय," आणि फोन हातातून हातात गेला.

सुलभाचा श्वास ऐकू आला. शब्द बाहेर यायला वेळ लागत होता.

"आले," सुलभा म्हणाली. "हे... आले गं."

शैलजाने समोरचे पेपर बाजूला सारले. फोन कुठेतरी उशीवर ठेवल्यासारखा आवाज झाला, पण तो बंद झाला नव्हता. तिला त्यातून दारावरची घंटा ऐकू आली, केतकी धावल्याची पावलं ऐकू आली, आणि या सगळ्याच्या वर, अगदी जवळून, सुलभा एकेक शब्द शोधून काढत नवऱ्याला समजावत होती.